वहिनीच्या मापाची बंदूक

श्रीरंगदादाच्या घरातल्या सोफ्यावरून उठताना चर्र असा आवाज व्हायचा, कारण सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक त्याने कधी काढलंच नव्हतं. उन्हाळ्यात त्याला मांड्या चिकटायच्या, हिवाळ्यात फरशीवर बसल्यासारखं वाटायचं, पण सोफा नवा राहायचा आणि दादाला तेवढंच हवं असायचं. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, मायक्रोवेव्हच्या दारावर प्लॅस्टिक, गाडीच्या मागच्या सीटांवर प्लॅस्टिक. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, विकायची वेळ आली की कळेल. त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू पुढे कधीतरी भेटणाऱ्या एका अनोळखी गिऱ्हाइकासाठी जपलेली होती, आणि तोपर्यंत आम्ही तिघं त्या माणसाच्या सामानात पाहुण्यासारखे राहत होतो.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा, पुण्याहून आयटीतल्या व्हिसावर परदेशी गेलेला आणि पीआर, म्हणजे तिथला कायमचा रहिवासी, झालेला. मी इचलकरंजीहून अकाउंटिंग शिकायला गेले आणि तिकडच्या शहराच्या कडेला, ट्रुगानिनात त्याच्याकडे राहिले. अकाउंटिंग मला आवडायचं म्हणून नव्हे. पीआरचे पॉइंट्स मिळतात म्हणून त्या वर्षांत आपल्याकडची अर्धी पोरं अकाउंटिंग शिकत होती आणि उरलेली अर्धी स्वयंपाक. माझ्या ट्रेनमध्ये नागपूरचा एक मेकॅनिकल इंजिनिअर असायचा, तो कांदा बारीक चिरण्याच्या परीक्षेत नापास झाला म्हणून दोन स्टेशनं तोंड पाडून बसला होता. आमचं कॉलेज म्हणजे सिटीत एका नूडल्सच्या दुकानावरचे दोन मजले. वर्गात तळलेल्या लसणाचा वास यायचा आणि शिकवणारा स्वतःच कुठून तरी शिकायला आलेला होता. घरी फोनवर आम्ही सगळे त्याला ‘युनि’, म्हणजे युनिव्हर्सिटी, म्हणायचो. तिकडे आईवडील पेढे वाटत होते, इकडे आम्ही रविवारी गाड्या धुवत होतो, आणि दोन्ही बाजूंना आपण फार मोठं काहीतरी करतोय अशी खात्री होती.

शुभावहिनी, म्हणजे दादाची बायको, कराडची. त्या घरातला जिवंत आवाज सगळा तिचा, आणि तोही घरात नव्हता, गॅरेजमध्ये होता. फोडणीचा वास भिंतींना लागतो, पुढे घर विकताना अडचण येते, म्हणून दादाने गॅरेजमध्ये गॅसची शेगडी मांडून दिली होती. पहाटेपासून तिथे कुकरच्या शिट्ट्या, लाटण्याची टकटक आणि पत्र्याच्या शटरवर आदळणारा वारा. ट्रुगानिनात तेव्हा झाडं नव्हती, होती ती काठीला बांधलेली रोपं, त्यामुळे वारा थेट माळावरून यायचा. वहिनी विद्यार्थ्यांचे डबे करायची. भेंडीची परतलेली भाजी, मटकीची उसळ, शुक्रवारी अंडा करी. पोरं डबा घ्यायला यायची, उंबऱ्यापाशी उभ्या उभ्या उसळ चाखायची आणि आईची आठवण काढून डोळे पुसायची. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं, पण मी ते कांद्यावर ढकलायचे.

डब्यांचं सगळं वहिनी एकटी निभावायची, पण घराबाहेर दादा तिचं तोंड होता. डॉक्टरकडे गेलं की तिच्या पोटात कुठे दुखतं ते दादा सांगायचा. बँकेत तिच्या नावाचं खातं उघडताना तिची जन्मतारीख त्यानेच सांगितली, आणि चुकीची सांगितली. ‘तू थांब, मी बोलतो,’ हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं की शेजारच्या व्हिएतनामी आजींनाही ते पाठ झालं असावं. वहिनी वाद घालायची नाही. फोन वाजला की हात पुसत लांब उभी राहायची आणि तो आपोआप बंद व्हायची वाट बघायची. तिला इंग्लिश येत नव्हतं असं मुळीच नाही. पण कुणीतरी आपल्यासाठी सतत बोलत असलं की आपला आवाज आपल्यालाच परका वाटायला लागतो, हे तिने मला पुढे एकदा भाजी निवडताना सांगितलं.

दादाची आमच्या तिकडच्या मराठी मंडळात ख्याती होती ती खरेदीचा सल्लागार म्हणून. राइस कुकर असो नाहीतर घर, त्याला विचारल्याशिवाय कुणी काही घ्यायचं नाही. तो महिनोन्महिने रिसर्च करायचा. रात्रीच्या जेवणात आम्ही गाद्यांच्या स्प्रिंगा, व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरी आणि टायरच्या नक्ष्या चघळल्या आहेत. आपण आयुष्यात एकदाही फसलो नाही याचा त्याला फार अभिमान होता. त्याला कधी काही आवडलेलं मात्र मी पाहिलं नाही, आणि ज्याला काही आवडतच नाही त्याला फसवणार तरी कसं?

तर अशा घरात बंदूक आली, ती दादाच्या मॅनेजरमुळे. ग्रॅहम नावाचा हा उंच, लालबुंद, कमी बोलणारा माणूस. त्याने सगळ्या टीमला कुटुंबासह एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे तिकडच्या बोलीत दुपारी, त्याच्या क्लबात बोलावलं, मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला. यंत्रातून भगव्या तबकडीची फेक होते आणि ती हवेत फुटली तर गुण, जमिनीवर पडून फुटली तर भोपळा. बंदुका क्लबच्या, शेजारी शिकवणारा उभा. दादा आठवडाभर व्हिडिओ बघून गेला होता. त्याने पाय कुठे ठेवायचे, कोपर किती उचलायचं हे आधी सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि मग शांतपणे एकेक तबकडी सहीसलामत जमिनीवर जाऊ दिली.

वहिनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. क्लबात मॅज म्हणून एक म्हातारी बाई होत्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांवर टोपी. त्यांनी वहिनीला उठवलं आणि स्वतःची बंदूक तिच्या हातात दिली, ट्वेंटी बोअरची, म्हणजे बारीक नळीची, एकावर एक नळ्या असलेली, दिसायला अगदी सडपातळ. तबकडी हवी तेव्हा ‘पुल’ असं ओरडायचं असतं. वहिनी इतकं हळू म्हणाली की बटण दाबणाऱ्याने कानामागे हात धरला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती ओरडली, आणि आमच्या सगळ्यांच्या माना वळल्या, कारण तो आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. तबकडीचा भुगा झाला. मग पुन्हा झाला, आणि पुन्हा. सगळ्याच फुटल्या असं नाही, पण तबकड्या तिच्या वाटेवर आल्यासारख्या फुटत होत्या. ती परत येऊन खुर्चीवर बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते आणि पर्स कुठे ठेवली ते तिला आठवत नव्हतं.

परतताना वेस्टर्न रिंग रोडवर कुठेतरी वहिनी म्हणाली, “अहो, मला बंदूक हवीय.” लग्नानंतर तिने नवऱ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिच्या तोंडून बोलले होते. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला, कारण बंदूक म्हणजे खरेदी आणि खरेदी म्हणजे त्याचं राज्य. तो म्हणाला, “घेऊ ना. पण घाई नको. मी रिसर्च करतो.”

पुढचे कितीतरी रविवार आमच्या प्लॅस्टिकच्या सोफ्यावर बंदुकीचा कीस पडला. मंडळातले चार-पाच जण यायचे, पोहे खायचे, आणि ज्यांनी आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलं नव्हतं ते नळीच्या लांबीवर तावातावाने बोलायचे. एक जण म्हणाला इटलीचीच घ्यावी, एक म्हणाला जपानची, कारण जपानी वस्तू बिघडत नाही. एकाने विचारलं की सर्व्हिस सेंटर जवळ आहे का. एकाने विचारलं की पुढेमागे परत गेलात तर पार्ट्स इंडियात मिळतील का, आणि यावर सगळ्यांनी गंभीरपणे पोह्यांत चमचे फिरवले. कुणाच्या खांद्यासाठी बंदूक घ्यायची आहे हे मात्र कुणी विचारलं नाही. ती आत चहा गाळत होती. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा दादा सांगत होता की ट्वेंटी बोअर घेणं मूर्खपणाचं, ते बायकामुलांचं खेळणं, घ्यायची तर जाड नळीची ट्वेल्व्ह बोअर. तबकड्यांनाही चालेल, पक्ष्यांनाही चालेल, त्यालाही चालेल, हिलाही चालेल, आणि रिसेल उत्तम. सगळ्यांना चालेल अशी वस्तू कुणालाच नीट बसत नाही, हे सांगायला मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी ट्रे हातात होता.

दरम्यान दोघांनी लायसन्सचा कोर्स केला, परीक्षा दिली, पोलिसांचे सोपस्कार झाले. गॅरेजमध्ये पिठाच्या डब्यांशेजारी लोखंडी कपाट भिंतीला बोल्ट मारून बसवलं आणि त्याची किल्ली दादाच्या किचेनला लागली. मग एका संध्याकाळी बंदूक आली. काळ्या पेटीतून काढून दादाने ती डायनिंग टेबलावर टॉवेल घालून ठेवली. लांबलचक ट्वेल्व्ह बोअर, चकचकीत नळ्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. वहिनीने तिला हळद-कुंकू लावायला वाटी आणली, तर दादाने डाग पडेल म्हणून ती परत पाठवली. दस्त्यावर आणि खांद्याला टेकणाऱ्या रबरावर पातळ पारदर्शक वेष्टन होतं. ते अर्थातच तसंच राहिलं.

पुढच्या शनिवारी क्लबात दादाने मान्यवरांच्या उपस्थितीत पहिला बार काढला. प्लॅस्टिकमुळे दस्ता खांद्यावरून सटकला, बंदूक वर उसळली आणि त्याच्या गालावर बसली. दुखापत फार नव्हती, पण गाल दुपारभर वांग्याच्या रंगाचा होता. ग्रॅहमने नखाने वेष्टनाचं टोक उचलून बघितलं आणि पुढे गेला. दुसरा कुणी असता तर त्याने ते प्लॅस्टिक तिथेच फाडून फेकलं असतं. दादाने घरी येऊन फक्त रबरावरचं काढलं, तेही ब्लेडने, कडेकडेने, आणि उरलेलं चिकटपट्टीने पक्कं केलं. हे लिहिताना माझा फोन समोर पडलाय, त्याच्या काचेवर एक काच आणि त्यावर आणखी एक काच आहे. म्हणजे रक्त एकच, हे मान्य करते आणि पुढे जाते.

वहिनीचे हाल खरे पुढे सुरू झाले. तिचे हात आखूड आणि दस्ता दादाच्या हाताच्या मापाचा. बंदूक खांद्यात नीट बसायचीच नाही, दंडावर बसायची, आणि नळी इतकी जड की तबकडी पुढे निघून जायची. दर शनिवारी ती निळा दंड घेऊन घरी यायची आणि दर रविवारी त्याच हाताने पोळ्या लाटायची. तबकड्या फुटेनाशा झाल्या. दादा म्हणायचा, सवय होईल. हे त्याचं ठरलेलं औषध होतं. थंडीची सवय होईल, गॅरेजची होईल, एकटीने दिवस काढायची होईल. लग्नात आलेले बूट चावायचे तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं आणि ती घट्टे पडेपर्यंत ते घालत राहिली होती. मला त्याचा तेव्हा इतका राग यायचा की मी त्याच्या हातचा चहा नाकारायचे. तेवढंच बंड मला परवडत होतं, कारण मी त्याच्या छपराखाली राहत होते.

एके दिवशी मॅजबाईंनी वहिनीचा दंड बघितला आणि दादाला सरळ सांगितलं की दस्ता इंचभर कापून घ्या, कुठलाही बंदुका दुरुस्त करणारा करून देईल. दादाचा चेहरा असा झाला, जणू त्यांनी त्याचं बोट कापायला सांगितलं होतं. नवी बंदूक कापायची? मग ती घेणार कोण? त्याने नम्रपणे हसून ‘नो वरीज’ म्हटलं, आणि गाडीत बसल्यावर घर येईपर्यंत त्या म्हातारीला काय कळतं यावर बोलत राहिला. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने दंडाला आयोडेक्स चोळलं आणि मला म्हणाली, “अंजू, मी पुढच्या शनिवारी जाणार नाही.” तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. ती सोडून देणार होती. तिने मागितलेली एकमेव गोष्ट तिला मिळाली होती आणि त्या मिळण्यानेच ती तिच्या हातून चालली होती.

मी तिला समजावलं वगैरे काही नाही. मला तेव्हा दुसऱ्याला समजावण्याइतकी अक्कल नव्हती. मी फक्त मॅजबाईंना फोन केला, आणि त्या मंगळवारी सकाळी, दादा ऑफिसला गेल्यावर, आपल्या जुन्या गाडीतून दारात हजर झाल्या. डबे आटोपून आम्ही तिघी बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सवयीने आधी मॅजबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, मी नुसती ड्रायव्हर आहे. मग त्याने वहिनीला विचारलं की काय हवंय, आणि ती थोडी अडखळली, पण बोलली. पक्षी आणि तबकड्या, दोन्ही. हलकी हवी. माझ्या हाताला बसेल अशी.

त्याने तिला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला. उघडल्यावर नजर सरळ नळीवरून पुढे गेली पाहिजे. मान वाकवायला लागली, गाल शोधायला लागला, तर ती बंदूक तुमची नव्हे. वहिनी एकामागून एक लावत गेली. कुठे नळीची उजवी कड दिसायची, कुठे नुसतं लोखंड. नव्या चकचकीत रांगेत काही जमेना तेव्हा त्याने मागून एक वापरलेली ट्वेंटी बोअर आणली. नळ्यांचा रंग कडेला उडालेला, दस्त्यावर ओरखडे, आणि दस्ता पूर्वीच कुणीतरी आखूड करून घेतलेला, कापलेली रेघ स्पष्ट दिसत होती. वहिनीने डोळे मिटले, बंदूक उचलली, डोळे उघडले आणि तशीच उभी राहिली. मग ती खाली ठेवून तिने विचारलं की ही भरवशाची आहे हे कळायचं कसं. दुकानदाराने नळ्या काढल्या, आतून उजेडाकडे धरून दाखवल्या, सांधा हलवून दाखवला, मग नळ्या बोटावर टांगून टिचकी मारली. सगळं पक्कं असेल तर नाद येतो, कुठे सुटलं असेल तर बद्द आवाज. वहिनीने त्या स्वतःच्या बोटावर घेतल्या आणि बाजारात माठ घेताना वाजवतात तशा वाजवल्या, कान जवळ नेऊन, दोनदा. मग हसली. त्या दुकानात पहिल्यांदाच.

परवानगीचा अर्ज तिने स्वतःच्या नावाने केला, डब्यांचे पैसे स्वतःचे होते, आणि बंदूक हातात येईपर्यंत घरात तिने अवाक्षर काढलं नाही. ती आली त्या दिवशी दादा टेबलापाशी बराच वेळ उभा होता. तो ओरडला नाही. तो फक्त त्या कापलेल्या रेघेवरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला की घरात एवढी नवी वस्तू असताना दुसऱ्याची वापरलेली, तीसुद्धा कापलेली, आणि मंडळात काय सांगायचं? खरेदीचा सल्लागार आणि त्याच्याच बायकोने त्याला न विचारता, रिसेल नसलेली बंदूक घेतली. वहिनी म्हणाली की कपाटाची एक किल्ली तिला लागेल. दादाने ती किचेनमधून काढायला इतका वेळ लावला की मी मध्येच उठून भात उतरवून आले.

त्या शरदात, म्हणजे तिकडच्या एप्रिल-मेमध्ये, ग्रॅहमने दोघांना त्याच्या भावाच्या शेतावर बोलावलं, पश्चिमेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात, कापणी झालेल्या रानातल्या लावा पक्ष्यांच्या शिकारीला. पक्ष्यांसाठीचं वेगळं लायसन्स दोघांकडे होतं. ग्रॅहमने मुद्दाम सांगितलं होतं की मिसेसला नक्की आण, मला तिचा नेम पाहायचाय. दादाने घरी हे असं सांगितलं की तूही चल हवं तर, तेवढंच फिरणं होईल. त्याने नवी टोपी, नवं जॅकेट, कोऱ्या करकरीत बुटांची जोडी घेतली होती. वहिनी पंजाबी ड्रेसवर जुनं स्वेटर आणि माझे रबरी बूट घालून निघाली. मी सामान उचलायला.

शेताच्या फाटकापाशी ग्रॅहमचा भाऊ कीथ उभा होता, शेजारी त्याची ठिपक्यांची कुत्री. त्याने नियम सांगितले आणि ते थोडेच होते. सगळ्यांनी एका रांगेत चालायचं, डावीउजवीकडे बघत, कुणीही पुढे नाही, कुणीही मागे नाही. पक्षी उठला की ज्याच्या समोर उठला त्याचा. रांग मोडणारा त्या दिवसापुरता गाडीत. दादा प्रत्येक वाक्यानंतर वहिनीला मराठीत समजावून सांगत होता, आणि ती कीथकडे बघून मान हलवत होती, कारण तिला सगळं कीथच्या तोंडूनच समजलं होतं.

रान पिवळं, गुडघ्याखाली खुंट, आणि एवढा मोठा आकाशाचा तुकडा मी त्याआधी पाहिला नव्हता. मी रांगेच्या मागून चालत होते. कुत्री थबकली, शेपटी ताठ, आणि वहिनीच्या पायापासून हातभर अंतरावरून भर्रकन एक लावा उठला. ती बंदूक उचलताना मला दिसलीच नाही, नुसता बार ऐकू आला. कुत्रीने पक्षी आणून दिला तेव्हा वहिनीने तो तळहातावर घेतला आणि त्याची पिसं सारखी केली. ती आनंदात होती आणि तिला वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. ग्रॅहमने टोपीला हात लावला. दुपार चढेपर्यंत सगळ्यांच्या पिशवीत काही ना काही पडलं. दादाच्या पिशवीत काहीच नाही. त्याने आधी वाऱ्याला दोष दिला, मग काडतुसाला, मग उन्हाला, आणि त्याची ती सर्वगुणसंपन्न बंदूक खांद्यावर घेऊन तो दर वळणाला थोडा जास्त जोरात चालू लागला.

मग कुत्री पुन्हा थबकली, वहिनीच्या समोर. दादाने ते पाहिलं आणि तो पुढे गेला. पाच-सहा ढांगा असतील, पण रांग मागे राहिली आणि तो एकटा समोर, तिच्या डाव्या हाताला. पक्षी उठला तो खालून, आडवा, थेट त्याच्या दिशेने. वहिनीच्या नळ्या पक्ष्यामागे फिरत होत्या, आणि मी तोंडावर हात दाबला. त्या नळ्या मध्येच वर आभाळाकडे गेल्या. तिने बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून मुठीत घेतली आणि उभी राहिली. पक्षी गेला.

कीथ चालत दादापाशी आला. दादा त्याच्या आधी बोलला. तो म्हणाला की सॉरी, माझी वाइफ नवीन आहे, घाबरली. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही, आणि ते आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं. कीथने वहिनीकडे पाहिलं, मग दादाकडे. त्याचा आवाज चढला नाही.

“ती थांबली म्हणून तू उभा आहेस, मेट. तुझं आजचं झालं. गाडीत जाऊन बस.”

दादा लालेलाल झाला. त्याने ग्रॅहमकडे बघितलं, ग्रॅहम कुत्रीचा पट्टा सारखा करत होता. मग दादाने बंदूक काखेत धरली, जॅकेट झटकलं आणि मराठीत म्हणाला, “शुभा, चल. निघू या आपण.”

वहिनी हलली नाही. मला वाटलं ती जाईल. चारचौघांत नवऱ्याला एकटं गाडीत बसू द्यायचं नाही, त्याच्याबरोबर जायचं, मग घरी जे काय होईल ते होईल. तिच्या जागी मी तरी गेले असते. दादालाही तेच वाटलं होतं, तो निम्मा वळलाही होता.

“गाडीची किल्ली माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “घरी कशी येणारेस?”

“येईन कशीही,” वहिनी म्हणाली. “मागच्या सीटवर डबा आहे, धपाटी आणि दही. वेळेवर खाऊन घ्या. माझ्यासाठी थांबू नका.”

तिने मुठीतली काडतुसं पुन्हा नळ्यांत सरकवली, पण बंदूक मिटली नाही; उघडी असेपर्यंत ती उडत नाही. दादा खुंटांतून, रांगेच्या कडेने, माझ्या शेजारून पार मागे जाईपर्यंत ती उघडी बंदूक हातावर घेऊन थांबली. मागे वळून तो कुठवर गेला ते तिने एकदा नीट बघितलं. मग बंदूक मिटली आणि कीथला मोठ्याने म्हणाली, “रेडी.”